सकाळची संध्याकाळ

१२ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चित्र सुखरूप पोचलं. इतक्या चादरींत गुंडाळलं होतंस की आतून बाळच निघतंय की काय, असं वाटलं. वीस वर्षं लोकांची जुनी चित्रं साफ करतेय, पण आईने काढलेलं हे चित्र टेबलावर ठेवून आधी नुसतं बघत बसले. तेच बर्फातलं गाव, तीच वाट, वाटेवर आई. ती बरी होऊन संध्याकाळी घरी येतेय, असं बाबा सांगायचे आणि त्या पिवळ्या उजेडाकडे बघत आपण झोपी जायचो.

पण कोपऱ्यात कापसाचा बोळा फिरवला तर पिवळा निघूनच आला! ते वॉर्निश आहे. तेही लाकडाचं, बाबांच्या सुतारखान्यातलं. खाली निळसर सकाळ आहे आणि पावलं घराकडून निघालीत. आई येत नाहीये रे, जातेय. पुढे साफ करू का? बाबांचा जीव त्या संध्याकाळीत आहे. मला धीर होत नाही.

तुझी काळजीखोर
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र लपवायला गेलो आणि पकडला गेलो. सगळं वाचून दाखवावं लागलं. बाबा खचतील असं वाटलं होतं, तर म्हणाले, वॉर्निशचे तीन हात मीच मारलेत. आईने दवाखान्यातून चित्र पाठवलं आणि आठवड्यात ती गेली. तू रोज विचारायचीस, आई कुठे चाललीये? म्हणून त्यांनी सकाळची संध्याकाळ केली.

आता म्हणतात, पोरं मोठी झाली, सगळं काढ. डोळ्यांत जेमतेम उजेड उरलाय, तेवढ्यात ती सकाळ त्यांना बघायचीय. दिवसभर रिकाम्या भिंतीसमोर बसून असतात. घाई कर.

लोभ आहेच, रागावूही नकोस.
धाकटा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

सकाळ निघाली, बाबा. बर्फावर कोवळं ऊन आहे, धुरकट झाडं आहेत. या पत्रापाठोपाठ मी स्वतःच चित्र घेऊन येतेय.

घराच्या दारावर तुमचा हात सगळ्यात जाड होता. दोन दिवस तिथेच गेले. आई दवाखान्यात जायला निघाली तेव्हा मी रुसून आत बसले, तिला निरोपसुद्धा दिला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दारात तुम्ही उभे आहात, कडेवर धाकटा आहे. आणि तुमच्यामागच्या खिडकीत मी आहे, काचेला नाक लावून, हात हलवतेय.

मला हे आठवतच नव्हतं. पण तिने वळून पाहिलं होतं.

तुमची
मोठी