‘होऊ दिलं’ म्हणजे काय?

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय पपा,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या कंपू भागातल्या दवाखान्यात शेजारच्या सीमंतिनीचा चार वर्षांचा पुष्कर तापाने गेला. तिला जवळ घेऊन मी म्हटलं, "देवाच्या इच्छेवाचून काही घडत नाही."

तिने मला ढकललंच. "मग सीधं म्हणा ना, तुमच्या देवानंच मारलं!"

"मारलं नाही गं, फक्त होऊ दिलं."

"हातात असून होऊ दिलं? मी आई आहे. मी होऊ दिलं असतं?"

मी खोटं बोलले का, ते कळत नाही. प्रार्थनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या शब्दांच्या पुढे जीभ वळत नाही.

रविवारी फोनवर चर्चचे पाळक म्हणून नको, बाप म्हणून उत्तर द्या.

तुमची लेक,
एस्तेर