तळ्यावरच्या तंबूसाठी बत्ती

स्लाऊ, इंग्लंड,
१७ फेब्रुवारी १९६३

योएलभावजींना सिमावहिनीचा शालोम.

पत्र पोचलं. मी ठीक आहे. नळ अजून गोठलेलेच, पाणी शेजारणीकडून आणते. हाउन्सलोत तुमचं मजेत चाललेलं दिसतंय. आमच्या घरामागच्या तळ्याचा बर्फ वितळायच्या आत पुन्हा त्यावर तंबू ठोकून मासे धरायचा बेत आहे म्हणे! आणि मी हार्डवेअर शॉपमध्ये कामाला, म्हणून मलाच विचारताय, "वहिनी, तंबूत बत्ती कुठली बरी, सेलची की पॅराफिनची?"

धन्य आहे तुमची!

विचारलंत तर ऐका. पॅराफिनची, म्हणजे आपल्या रॉकेलची, उजेड देते, ऊबही देते, पण दार बंद केलंत तर आत गुदमराल. सेलची घेतलीत तर थंडीत सेल लवकर बसतात, जादा जोडी अंगाशी खिशात ठेवा. एवढं मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगते. तुम्हाला वर एक सांगते. दोन घ्या. एक तुम्हाला पबमध्ये न्यायला आणि एक मागे बसलेल्या माणसाला.

त्या शनिवारी ह्यांना तंबूत बसवून तुम्ही एकुलती एक बत्ती उचललीत आणि गेलात. हॉस्पिटलात रडत रडत तुम्हीच मला सांगितलंत. वर म्हणालात, "मेणबत्ती होती, काडेपेटी खिशात होती, दादाने लावली का नाही?"

का नाही? एकाच आईच्या हाताखाली वाढलात ना दोघं? शनिवारी शब्बाथला हे विस्तव पेटवत नाहीत, काडी ओढत नाहीत, आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत थांबतात, हे तुम्हाला मी सांगायचं? तुम्ही निघताना "तारे दिसले की लावतो" म्हणाले ना ते? त्या धुक्यात कसले तारे दिसतात! तेच बघायला बाहेर आले असणार, आणि तुम्ही दाराशीच बर्फात पाडून ठेवलेल्या भोकात गेले. पोलिसांनी कोट परत दिला. खिशातल्या काडेपेटीचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

इतके दिवस मी गप्प राहिले. तुमचाही भाऊ गेलाय, म्हटलं. पण काल रेवदंड्याहून आईंचं पत्र आलं. अब्राहम शब्बाथला मासे धरताना बुडाला, असं तुम्ही त्यांना कळवलंत! लाज नाही वाटली? स्वतः दुपारपासून गळ टाकून बसला होतात. ह्यांनी गळाला हातही लावला नव्हता. तुम्ही एकटे आहात म्हणून नुसते सोबतीला चालत आले होते. आता आई लिहितात, "शब्बाथ मोडून गेलेल्या मुलाच्या नावाने दिवा लावायला माझा हात उठत नाही." रोज संध्याकाळी तो दिवा पुसून परत फळीवर ठेवतात म्हणे.

भावजी, मला तुमची माफी नको. आईंना लिहा. मासे कोण धरत होतं, बत्ती कोणी नेली, सगळं स्वतःच्या हाताने लिहा. तोवर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.

तुमच्या तंबूत हवी ती बत्ती न्या. रेवदंड्याचा दिवा आधी लागू दे.

अब्राहमची बायको,
सिमा