पंजातला पिवळा हत्ती

नांदेड
४ फेब्रुवारी २०२५

ति. जगदेवीअक्कास,
मन्मथचे शरणार्थ. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून माझं अक्षर सुधारत चाललंय, तेवढाच तुझ्या कानांचा मला फायदा.

परवाचा रविवार माझा होता. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, दहा ते पाच ऋतुजा माझ्याबरोबर असते. बाकीचे दिवस ती लातूरला शिल्पाजवळ, तिच्या आजोळी, आणि मी इथं या खोलीत. मागचे दोन-तीन महिने पोरगी माझ्याशी पाहुण्यासारखी वागत होती. विचारलं तेवढंच बोलायची आणि चार वाजले की घड्याळ बघायची. मे महिन्याच्या सुट्टीत तिला नांदेडला आणावं असं माझ्या फार मनात आहे. शिल्पा म्हणते, ऋतुजा स्वतः हो म्हणाली तरच पाठवीन. म्हणून या खेपेला काहीही करून तिला खूश करायचं ठरवलं होतं.

तिला लातुरातल्याच हणमंतरावांच्या गेम झोनमध्ये नेलं. तिथली मशीनं मीच दुरुस्त करतो. काचेच्या पेटीतली खेळणी उचलणारा लोखंडी पंजा असतो ना, त्याची पकड मुद्दाम ढिली ठेवलेली असते. पंधरा-वीस डावांत एकदाच ती घट्ट बसते, आणि तो आकडा आम्हीच आत लावतो. तसली दोन मशीनं शेजारी-शेजारी आहेत. शनिवारी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा त्यातल्या एकाची पकड मी गुपचूप प्रत्येक डावाला घट्ट करून ठेवली, आणि रविवारी पोरीला नेमकं त्याच्यासमोर उभं केलं.

अक्का, पाच डावांत तीन खेळणी! पिवळा हत्ती, ससा आणि एक डोळे वटारलेलं घुबड. बाकी दोनदा तिचाच नेम चुकला. भोवती पोरं जमली, ही मध्ये उभी राहून टाळ्या पिटत होती. बाहेर आलो तर रसवंतीवाल्यानं भांड्यात उरलेला रस तिच्याच ग्लासात ओतला. घरी सोडताना म्हणाली की पप्पा, माझं नशीब लई भारी हाय. आणि पुढचा रविवार कधी, हे तिनं आपणहून विचारलं. एसटीत बसल्यावर मला रडू आवरेना.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझा,
मन्मथ

रेणापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मन्मथ यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. इथं दुसरं करण्यासारखं काय आहे? टीव्ही लावते आणि माणसांची नुसती हलणारी तोंडं बघत बसते. तुझे भावजी गेल्यापासून घरात दोन माणसांचा स्वयंपाक करायची खोड काही जात नाही, मग सकाळचंच रात्री खाते.

पोरगी हसली हे वाचून बरं वाटलं. पण तू केलंस ते मला पटलं नाही, बाबा. तुला आठवतं का, भुजंगमामा गोट्यांमध्ये मुद्दाम हरतात हे तुला शेजारच्या पोरांकडून कळलं, तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. मामा स्वतः बोलले असते तर तुला एवढं लागलं नसतं. ऋतुजा तुझीच लेक आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या मशीनवर ती दहा वेळा हरेल आणि तिला शंका येईल. त्याआधी तुझ्या तोंडून तिला कळू दे. खोट्यावर बोलावलेलं लेकरू किती दिवस राहील?

रागावू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण ठेव, मी तर ठेवतेच.
तुझी,
अक्का

नांदेड
११ मार्च २०२५

ति. अक्कास,
मन्मथचे शरणार्थ. वि. वि.

तुझं ऐकलं. दोन तारखेला जेवताना ऋतुजाला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. एवढंच विचारलं की म्हंजे मी जिंकलेच न्हवते का. मी खूप समजावलं, आइस्क्रीम देऊ केलं, तिनं नको म्हणून मान हलवली. पाचला घरी सोडलं तेव्हा आत जाऊन तिन्ही खेळणी घेऊन आली आणि माझ्या पिशवीत ठेवली. तुमचीच हायेत म्हणाली. दोन दिवसांनी शिल्पाचा मेसेज आला की ऋतुजा सुट्टीत यायला नको म्हणते.

आता पुढचं ऐक. काल लातूरला कामावर गेलो तर हणमंतराव तक्रार सांगायला लागले. मागच्या महिन्यात त्या रविवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या पोरांनी एक पंजाचं मशीन रिकामं केलं, तेव्हापासून त्यांनी ते बंदच ठेवलंय. मी उघडून बघितलं. माझा लावलेला आकडा त्यातच होता. ऋतुजा खेळली ते हे मशीन नव्हेच, ते शेजारचं! शनिवारी मी मशीनांच्या मागं, भिंतीच्या बाजूनं बसून काम केलं होतं. मागून बघितलं की डावं ते उजवं होतं. दहा वर्षं हेच काम करतोय आणि घाईत तेवढंही ध्यानात आलं नाही. हणमंतरावांना खरं सांगितलं आणि त्यांची बोलणी खाल्ली.

ढिल्या पंजातही खेळणं नीट अडकलं तर क्वचित वर येतं, आणि तिला ते तीनदा साधलं. म्हणजे पोरगी आपल्या हातानं, आपल्या नशिबानं जिंकली होती. तिचा सगळ्यात भारी दिवस मी तिच्याकडून काढून घेतला. लगेच फोन केला आणि सांगितलं. ती म्हणाली की राहू द्या पप्पा, मला वाईट वाटू नये म्हणून सांगायलात तुम्ही. आठ वर्षांच्या लेकरानं माझी समजूत काढावी, अक्का! तिन्ही खेळणी खाटेवर आहेत आणि मी खाली अंथरूण टाकतो.

तूच तिला दोन ओळी लिही. माझ्यावर तिचा विश्वास राहिला नाही.
तुझा,
मन्मथ

रेणापूर
१७ मार्च २०२५

चि. ऋतुजा हिस,
जगदेवीआत्याचे खूप खूप आशीर्वाद.

तुला माझं हे पहिलंच पत्र. अडलेला शब्द मम्मीला विचार, यात तिच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

पप्पांनी तुला सांगावं म्हणून मीच मागं लागले होते. राग धरायचा तर माझ्यावर धर. मी म्हातारी आहे, मला चालेल.

पप्पांनी त्या दिवशी मशीनमध्ये खोडी केली होती, हे खरं आहे. पण ती शेजारच्या मशीनमध्ये झाली. ते मागच्या बाजूला बसले होते, म्हणून त्यांचं डावं-उजवं चुकलं. तू खेळलीस त्या मशीनला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. हत्ती, ससा आणि घुबड तू जिंकलीस. मी तुला खोटं कशाला सांगू? मला ना तुला सुट्टीत न्यायचंय, ना रविवारी भेटायचंय.

बाळ, तुझ्या पप्पांनी जन्मात एकदा लबाडी करायची ठरवली, तीही तुझ्यासाठी, आणि तीसुद्धा त्यांना धड जमली नाही. हे वाचून तुला हसू आलं तर खुशाल हस. पण त्यांना फोन करून हस. त्यांच्या खोलीत हसणारं दुसरं कुणी नाही.

आत्याची माया तुझ्यावर आहे, ती मागायला लागत नाही.
तुझी,
आत्या