सासऱ्यांच्या चेनसॉचा जीर्णोद्धार

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी.

सासऱ्यांनी त्यांचा जुना चेनसॉ आज माझ्या ताब्यात दिला. लाकूडतोडीची ठेकेदारी त्यांनी आयुष्यभर याच एका मशीनवर केली. लाल रंग जवळजवळ उडालाय, हँडलवर सुतळी गुंडाळलीय, बुडाला मोठा पोचा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की साखळीला धार लावून ठेवा, तुमच्या मागच्या अंगणातलं वाळलेलं झाड एप्रिलमध्ये येऊन मी स्वतः पाडतो. मशीन उत्तम चालतं, असंही म्हणाले. चालवून दाखवलं. एका ओढीत सुरू झालं.

पण चालणं वेगळं आणि रिस्टोअर होणं वेगळं. हा फरक त्यांच्या पिढीला कळत नाही.

संकल्प: पूर्ण खोलायचं. एकेक भाग चकचकीत करायचा. कारखान्यातून निघालं तसं करून त्यांच्या हातात ठेवायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते मला अजून ‘जावईबापू’ म्हणतात, आणि तेही खिडकीकडे बघत. एप्रिलमध्ये माझ्याकडे बघून म्हणतील.

६ फेब्रुवारी

छंदाबद्दल थोडं. माझ्याकडे आधीचे तीन विंटेज चेनसॉ आहेत. तिन्हींचं काम प्रगतिपथावर. ही म्हणते, तिन्ही खोक्यांत आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. भंगारवाला मात्र मला लांबून बघितलं तरी चहा सांगतो. कदर असलेला माणूस.

अभ्यास सुरू. इंटरनेटवर एका दाढीवाल्याचे व्हिडिओ आहेत. कुठल्या भाषेत बोलतो कळत नाही, पण यंत्राला कुठे भाषा असते? शिवाय हिला आवाजाचा त्रास होतो म्हणून मी आवाज बंद करूनच बघतो. वेग दुप्पट. सुरुवातीला तो बाटल्या-मापं घेऊन काहीतरी ओतत बसतो, तो भाग पुढे ढकलतो. फारच प्राथमिक.

११ फेब्रुवारी, रविवार

खोललं! जेवणाच्या टेबलावर, खाली जुनी चादर घालून. (चादर जुनी नव्हती असं नंतर कळलं.)

आधी टाकी रिकामी केली. आणि एक धक्कादायक शोध लागला. आतलं पेट्रोल हिरवट, तेलकट, वासाला वेगळं. सरळसरळ भेसळ! कुठला तरी पंपवाला सासऱ्यांना वर्षानुवर्षं फसवत होता आणि इतक्या अनुभवी माणसाला पत्ता नाही. त्यांना सांगणार नाही. या वयात मनाला लागेल.

मग मशीन सुरू करायच्या दोरीवरचं झाकण काढलं. आत एक लांबलचक स्प्रिंग गुंडाळून बसवलेली असते, हे दाढीवाल्यानं दाखवलं असणार, पण दुप्पट वेगात माझ्या नजरेतून सुटलं. स्प्रिंग उडाली. लॅम्पशेड गेली. ही बाहेर आली, आणि चालणारं मशीन कशाला उघडलंस, असं विचारलं. उत्तर दिलं नाही. मी टेबलाखाली होतो.

१४ फेब्रुवारी

स्क्रू हरवू नयेत म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवले. कल्पना माझीच.

१५ फेब्रुवारी

हिनं ट्रेमध्ये पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवला. शेजारचे काका संध्याकाळी आले होते, त्यांच्या सरबतात वॉशर निघाला. काकांच्या पत्र्याच्या शेडवरच ते वाळलेलं झाड झुकलंय, त्यामुळे झाड कधी पाडताय हे विचारायला ते अधूनमधून येतात. आज वॉशर तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसले. झाडाचं काही विचारलं नाही, म्हणजे विश्वास बसला असावा.

आता क्रम लक्षात ठेवावा लागेल. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

रंगकाम. आधी सगळं पॉलिश पेपरनं घासून काढलं. सुतळी कापून टाकली, टाकीच्या झाकणावर कसलीशी नक्षी आणि बारीक अक्षरं उठवलेली होती, तीही सपाट केली. जुनी घाण एकदा काढायची म्हटलं की कसर ठेवायची नाही. मग रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात नीट वाळवला, घाई नाही.

हिनं सुतळीचा तुकडा कचऱ्यातून उचलला. म्हणाली, हँडल फुटलं तेव्हा बाबांनी बांधली होती, मी लहान होते. मी म्हटलं, बघ ना, केव्हाची घाण.

रंग लालच घेतला होता. वाळल्यावर किंचित गुलाबीकडे गेला. ही लिपस्टिक म्हणाली. ऑफिसात साहेबांनी नखांकडे बघून सगळं ठीक आहे ना असं विचारलं. हो म्हटलं.

९ मार्च

सासऱ्यांचा फोन. धार लावली का? म्हटलं, धार हा शेवटचा टप्पा. ते म्हणाले, मी तर एकच टप्पा सांगितला होता. मग म्हणाले, डॉक्टरांनी खांद्यामुळे यापुढे मशीन उचलायला मनाई केलीय. हे झाड शेवटचं. ते पाडायचं आणि मशीन ठेवून द्यायचं.

फोन ठेवल्यावर हिनं सांगितलं की आमचं घर त्या मशीनवर चाललं. माझं कॉलेज त्या मशीनवर झालं. पहाटे बाबा निघाले की आवाजावरून कळायचं, आज कुठल्या बाजूला तोड आहे. हे सांगताना ती टेबलावरचा पिस्टन हातात घेऊन बसली होती.

खरं सांगतो, शेवटचं झाड त्यांनी नव्या कोऱ्या मशीननं पाडावं, यासारखी भेट नाही. संकल्प दुप्पट.

२४ मार्च, रविवार

जोडणी पूर्ण. एक बोल्ट, दोन वॉशर आणि रबराचा एक तुकडा उरला. जुन्या काळी कारखान्यात भाग जास्तीचे घालायचे. मशीन आता हलकं झालं, खांद्याला बरंच.

३० मार्च

दोरी ओढली. नुसता खोकला.

३१ मार्च

खोकला. माझा खांदा धरलाय. हिला म्हटलं, सासऱ्यांच्या खांद्याचं दुखणं आज मला आतून कळलं. तिनं मलम दिलं. प्रेमानं नाही, पण दिलं.

१ एप्रिल

रबराचा तुकडा कार्बोरेटरमधला होता. मुद्दामच बाजूला ठेवला होता असं म्हणता येईल.

६ एप्रिल, शनिवार

चालू!!! क्षणभर विश्वासच बसेना. पंपावरून ताजं, स्वच्छ पेट्रोल आणलं, एक थेंब भेसळ नाही, आणि काय फरक! पूर्वीचा तो घोगरा आवाज गेला. आता बारीक, उंच, तरुण आवाज येतो.

लगेच जुन्या खुर्चीच्या पायावर चाचणी घेतली. खुर्ची कापली गेली नाही. धूर मात्र खूप आला आणि पाय छान गुळगुळीत झाला. खुर्चीचं लाकूड जातिवंत निघालं, असा निष्कर्ष काढतच होतो, तेवढ्यात ही आली, स्विच बंद केला आणि बोटानं साखळी दाखवली. दात उलट्या दिशेला होते. लहानपणी मी ही साखळी कितीदा चढवलीय, म्हणाली. मी म्हटलं, हेच तपासत होतो. तिनं स्वतः साखळी काढून सुलट बसवली, कानस मागितली आणि पायरीवर बसून एकेका दाताला धार लावली.

म्हणजे धारेचंही काम माझ्या देखरेखीखाली झालं.

१३ एप्रिल

सासरे उद्या सकाळी येणार. मशीन टेबलाच्या मधोमध, वर पांढरा नॅपकिन. अनावरणाआधी चार शब्द बोलेन. आरशासमोर दोनदा म्हटले. हिचा मला अभिमान वाटावा, अशी मनात इच्छा आहे. रोजनिशीत लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१४ एप्रिल, रविवार, सकाळी

आले! चहा घेतायत. थोड्या वेळात अनावरण. आजची सविस्तर नोंद संध्याकाळी.

१४ एप्रिल, संध्याकाळी

चार शब्द झाले नाहीत. दोन झाले होते तेवढ्यात सासऱ्यांनी नॅपकिन काढला आणि विचारलं, हे कुणाचं? म्हटलं, तुमचंच. त्यांनी उलटं करून बुडाचा पोचा बघितला. पोचा बघून पटलं. हँडलवर हात फिरवला, सुतळी होती तिथे जरा थांबला. बरं, म्हणाले, चला.

दुसऱ्या ओढीत सुरू झालं. शेजारचे काका कुंपणाशी उभे होते, त्यांनी टाळीसुद्धा वाजवली. सासऱ्यांनी झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं खाच मारली. लाकडाचा भुसा सरसर उडत होता. या वयात, त्या खांद्यानं, काय हात चालत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते मागच्या बाजूला आले आणि मशीन बुंध्यात घातलं. आवाज चढत गेला. आणखी चढला. सासरे मान वाकडी करून ऐकायला लागले. मला वाटलं, आवडला. त्यांचा अंगठा स्विचकडे गेला, त्याआधीच एक किंकाळीसारखा आवाज झाला आणि सगळं शांत.

दोरी ओढली. दोरी जागची हलेना.

त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. वास घेतला. पेट्रोलमध्ये बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. मग विचारलं, यात ऑइल किती घातलंत? मी म्हटलं, साखळीच्या ऑइलची टाकी काठोकाठ भरलीय. ते म्हणाले, पेट्रोलमध्ये. तेव्हा नाइलाजानं मी त्यांना भेसळीचं सगळं प्रकरण सांगितलं. हिरवट, तेलकट, वर्षानुवर्षांची फसवणूक. काकांनी कपाळाला हात लावला.

आता कळलंय ते असं. या इंजिनाला ऑइल वेगळं नसतं. ते पेट्रोलमध्येच मोजून मिसळावं लागतं. ते हिरवट मिश्रण सासरे स्वतः करायचे, दर वेळी, हातानं. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरला धरून बसतो. तसा तो आता बसलाय. कायमचा.

झाड अर्धवट कापलेलं, खाली काकांची शेड. वाट बघण्यात अर्थ नव्हता. सासऱ्यांच्या गाडीत दोन मुठींची लांब करवत होती. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ही. मी हात लावू का विचारलं. ते म्हणाले, जावईबापू, तुम्ही तिकडे उभे राहा. कुठे, विचारलं. आणखी तिकडे, म्हणाले. मी फाटकापाशी पोचलो. झाड त्यांनी सांगितलं होतं त्याच जागी पडलं.

१५ एप्रिल

विचार करतोय. एक, पंपवाल्यानं विचारायला हवं होतं, कशात घालणार. दोन, दाढीवाल्याचे व्हिडिओ आवाजासकट बघायला हवे होते, पण हिला त्रास होतो. तीन, कंपनीची जबाबदारी काहीच नाही का? इतकी महत्त्वाची सूचना टाकीच्या झाकणावर ठळक छापायला नको?

दुपारी हिनं सांगितलं, छापलेली असते. म्हणाली, नक्षीसारखं एक चित्र आणि त्याखाली बारीक अक्षरं.

तीन नंबरचा मुद्दा मागे घेतला.

१६ एप्रिल

चार मेकॅनिकांना फोन केले. या मॉडेलचा सिलिंडर आता कुठेच मिळत नाही. भंगारवाला म्हणाला, आणा, बघू. फोन ठेवला.

१७ एप्रिल

सासरे आज जाणार. सकाळी चहा द्यायला मागच्या अंगणात गेलो. ते झाडाच्या बुंध्यावर बसले होते. मशीन मांडीवर. ही शेजारी बसलेली. सासरे अंगठ्याच्या नखानं हँडलवरचा माझा रंग खरवडत होते. हळूहळू, एकाच जागी. खालचा जुना रंग कुठे उरलाय का, ते बघत असावेत.

मी दारात उभा राहिलो. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव केली, पण एकही कारण तोंडावर येईना. फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही. चहा तसाच गार झाला.

रंग निघत नव्हता. निघणारही नाही. तीन हात दिलेत, प्रत्येक हात नीट वाळवून. या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच काम मी चोख केलंय.