कागदावरची वेगळी चूल

१२ जानेवारी
ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं यांले फुकट दिली. मागच्या सालची हाय. वार चुकलेले, तारखा बरोबर. मी पाचवी शिकली, तेवढं पुरते. जास्त शिकलेल्या बायका काय करून राह्यल्या ते आमच्या गावात, सिंदी मेघेत, रोज दिसते.
आजपासून ठरवलं. कमी बोलायचं. सकाळी फिरायले जायचं, कारण गुडघे दुखतात. अन् देवकाबाईचं कल्याण करायचं.
देवकाबाई म्हणजे माझी नणंद, यांची मोठी बहीण. पोलिओनं एक पाय गेला, लग्न झालं नाई, तवापासून आमच्यातच. मी कधी बोलून दाखवत नाई. आज दोनदाच बोलली.

१५ जानेवारी
वर्ध्याले सेतू केंद्रात गेली. तिथं कागद करून देणारा रजत बसते. मान वर न करता बोलते. म्हणे, निराधारचा सरकारी पगार अपंगाले भेटते काकू, पण चाळीस टक्क्यांच्या वर अपंग पाहिजे अन् घरचं उत्पन्न कमी पाहिजे. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर हायेत, वावर पण हाय. म्हणे, मंग देवकाबाई तुमच्या रेशन कार्डात हायेत तोवर नियमात बसत नाई. वेगळ्या राहत असतीन तं बसतीन. वेगळं कार्ड, वेगळी चूल. अन् तसं झालं तं गरिबाच्या योजनेतला गॅसही त्यांच्या नावानं, थोडे सिलिंडर फुकट.
म्हटलं, कर वेगळी. म्हणे, खरंच वेगळ्या राहतात का. म्हटलं, तुले कार्ड काढायचं का आमच्या घरी जेवायले यायचं?
प्लॅन पक्का. कागदावर वेगळी. पगार तिचा, पासबुक माझ्याजवळ. गॅस तिचा, सयपाक माझा. डोकं लागते याले.
फिरायले नाई गेली. रांगेत उभी होती, तेच झालं फिरणं.

२२ जानेवारी
मागची ढोरांच्या ढेपेची खोली ग्रामपंचायतीत देवकाबाईच्या नावानं चढवली. वेगळ्या राहण्याचा पुरावा लागते. हे भेले. म्हणे, कमला, खरंच तिच्या नावानं करायची का? म्हटलं, कागदावरच. एवढा घाबरट माणूस काट्यावर कसा बसते कोण जाणे.

३ फेब्रुवारी
अपंगाच्या सर्टिफिकेटसाठी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं हाय. देवकाबाईची काठी काढून माळ्यावर ठेवली. काठी घेतली की भलती सरळ चालते. डॉक्टरले वाटन, ठणठणीत हाय. सवय मोडली पाहिजे.
जेवाले उशिरा आली, भिंत धरत धरत. तिचं ताट झाकून ठेवलंच होतं. आमचं झाल्यावर तिचं ठेवतो नेहमीसारखं. थंड झालं तं माझा काय दोष.

६ फेब्रुवारी
देवकाबाई अंगणात पडली. कोपर फुटलं. म्हटलं, बोर्डासमोर पडायचं होतं, आज पडून काय फायदा. हळद लावून दिली. म्हणजे, डबा पुढं सरकवला.

११ फेब्रुवारी
साठ टक्के निघाले. माझ्या मेहनतीचं फळ.
पण डॉक्टर आगाऊ. कोपर पाहून म्हणे, मावशी, काठी कुठं तुमची. देवकाबाई म्हणे, भावजयीनं ठेवली, सर्टिफिकेट भेटल्यावर देते म्हणे. सगळ्या खोलीनं माझ्याकडं पाह्यलं. म्हटलं, आलोच हाव तं माझे गुडघेही पाहून घ्या, किती टक्के बसतात. त्यानं दाबून पाह्यले. म्हणे, टक्के नाई, वजन हाय. रोज चाला.
असे लोक बोर्डावर बसवतात.

२ मार्च
गॅसची गोष्ट. तिचा फुकटचा आता येतेच. मंग आमचा पैसे देऊन काऊन भरायचा? पाहणीवाल्यानं एका अंगणात दोन सिलिंडर पाह्यले तं उगाच शंका. यांच्या नावाचा गॅस एजन्सीत परत केला. थोडे दिवस चुलीवर. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग पडलाच हाय मागं.
हे म्हणे, एकदा विचारायचं होतं. म्हटलं, विचारलं असतं तं तुम्ही नाई म्हटलं असतं. मंग विचारून काय फायदा.

१० मार्च
तलाठी साहेब पाहणीले येणार. ढेपेची पोती काढली, खोली झाडली, देवकाबाईची गोधडी, दोन भांडे, पाण्याचा माठ मांडला. दिसते खरंच कोणी राहते असं.
संध्याकाळी तालीम घेतली. म्हटलं, देवकाबाई, रडत सांगजा. भावजय विचारत नाई. शिळं देते. सणावाराले चारचौघात बसवत नाई. दवाखान्यात नेत नाई.
देवकाबाई म्हणे, हे पाठ करायची गरज नाई कमले.
म्हटलं, शहाणपणा नको. पाठ करा.

१२ मार्च
काय सांगू. आमची देवकाबाई भलती कलाकार निघाली.
तलाठी खाटेवर बसले, शेजारची सपना साक्षीदार. देवकाबाईनं मी शिकवलेलं सगळं म्हटलं अन् वरून मनानं जोडलं. म्हणे, पावसाळ्यात तापानं पडली होती साहेब, पाणी मागितलं तं लोटा दारातून पायानं सरकवला. काठी माळ्यावर टाकली, अजून तिथीच हाय. तीस वर्षं झाले, यांच्या घरी मी ऊन पोळी खाल्ली नाई. आवाज चढवला नाई, रडलीही नाई. रड म्हटलं होतं, पण तसंच जास्त बरं दिसलं. सपनाच रडली. तलाठ्यानं चष्मा पुसला. हे दारात उभे, मान खाली. म्हटलं, यांले पण जमते की नाटक.
साहेबांनी मले विचारलं, हे खरं हाय का बाई? म्या ठासून सांगतलं, शंभर टक्के खरं. आम्ही हिले घास देत नाई. सही केली. पंचनाम्यावर, मोठ्या अक्षरात.
सपनानं पण केली. साहेबाले दोन ओळी जास्तीच्या लिहायले लावल्या. कोणी विचारलं होतं तिले?

१३ मार्च
माळ्यावर काठी नाई. यांनी रात्रीच काढून दिली वाटते. मले न विचारता.

२० एप्रिल
मंजूर झालं. निराधारचा पगार सुरू, गॅसही आला, तिच्या मागच्या खोलीत बसवला. पेढे आणले. देवकाबाईले अर्धा दिला, साखर वाढन म्हणून.
पासबुक माझ्याजवळ हाय. पण बँकेत अंगठा लागते. अंगठा तिच्याजवळ.

२३ एप्रिल
देवकाबाई ऑटोनं एकटीच बँकेत गेली. सोबत रबरी बुडाची नवीन काठी, कुकर, बेसन अन् एक कडीकोयंडा घेऊन आली.
मी डाळीचं भांडं घेऊन मागच्या खोलीकडं गेली. आतून कडी. म्हटलं, देवकाबाई, डाळ लावायची हाय. आतून म्हणे, कमले, पाहणी कधीपण येते. वेगळी चूल म्हणजे वेगळी. नियम हाय.
म्हटलं, कागदावर हो. म्हणे, कागद तूच केला ना, चांगला केला.
कुकरच्या शिट्ट्या मोजत बसली. उद्या तिचा राग उतरन. लहान लेकरासारखी हाय ती.

४ मे
ऊन मरणाचं. चूल पेटत नाई, पऱ्हाट्या धूर करतात. उकिडवं बसलं की गुडघे उठू देत नाईत. वरून पोळीले धुराचा वास. हे म्हणे, जळली. म्हटलं, दुसरा गॅस घ्या. म्हणे, पाहू.
मागून बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास आला. हे म्हणे, बाईची तब्येत पाहून येतो. चांगला वेळ तब्येत पाहत बसले. आले ते मिशीले तर्री लागलेली.

१८ मे
आता रोजच तब्येत पाहतात. मी काही म्हणत नाई. कमी बोलायचं ठरवलं हाय. आज अंगणातून थोडंसंच बोलली. सपनाच्या घरापर्यंत ऐकू गेलं म्हणते ती.
रजतकडं गेली. म्हटलं, माझ्याही नावानं फुकटचा गॅस बसव. म्हणे, काकू, तुमचं उत्पन्न जास्त.

२६ मे
तहसीलमध्ये गेली. बाबूले सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, हे सगळं खोटं हाय. ती वेगळी नाई. आमच्यातच राहते, मी तिले लेकीसारखं ठेवलं. पगार बंद करा, तिले माझ्या कार्डात परत टाका.
बाबूनं पंचनामा काढला अन् रांगेसमोर मोठ्यानं वाचला. लोटा, काठी, ऊन पोळी, सगळं. खाली माझी सही. त्याची वाचायची पद्धत चांगली नोहती. देवकाबाईनं सांगतलं तवा एवढं वाईट वाटलं नोहतं.
म्हणे, बाई, तवा खोटं बोलल्या असान तं गुन्हा दाखल होते. आता खोटं बोलून राह्यल्या असान तं घरी जा.
घरी आली. रांगेतली एक बाई माझ्यासाठी सरकली सुद्धा नाई.

५ जून
डोकं अजून चालते माझं. रजत म्हणे, नवऱ्यानं सोडलेल्या बाईले पण निराधारमध्ये धरतात. मंग उत्पन्न यांचं धरत नाईत. पगारही भेटन, गॅसही. म्हणे, पण काकांनी खरंच सोडलं का? म्हटलं, कागदावर रे. एकदा जमवलं, आता अनुभव हाय.
देवकाबाईले नाक घासायले लावीन. उद्यापासून फिरणंही सुरू.

९ जून
यांच्यासमोर कागद ठेवला. म्हटलं, घाबरू नका. सोडलं एवढंच लिहून द्यायचं हाय, बाकी जसंच्या तसं. मले वाटलं खोलीच्या वेळेस भेले तसे भेतीन. कमला खरंच का, असं विचारतीन. उत्तर तयार ठेवलं होतं.
वाचला नाई. सही केली. पेनाले टोपण लावलं. मंग उशी घेतली, दाढीचं सामान घेतलं अन् मागच्या खोलीकडं निघाले. म्हटलं, कुठं? म्हणे, पाहणी येईन ना.
म्हटलं, हे कागदावर हाय. म्हणे, हो.
आतून कडी लागली.
आज चूल पेटवली नाई. रात्री आपलं दार उघडलं तं उंबऱ्याबाहेर ताट, झाकून ठेवलेलं. हात लावून पाह्यला. थंड.
खाल्लं. मीठ बरोबर होतं.