जळकोट रोडवरचं माझं चालणं

उदगीर, मोंढा
मे १९८६

आमचे वडीलधारे मेहुणे बसवराजअप्पा यांना महादेवप्पाचा शरणु शरणार्थ. देगलूरला आपले गुडघे, वहिनींचा दमा आणि दोन्ही म्हशी ठीक असतील असं धरून चालतो. नसतील तर पाऊस पडेपर्यंत कळवू नका, इकडे नवी चिंता ठेवायला जागा नाही. आपल्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे आमच्या गुरम्मानं, एसटीच्या कंडक्टरजवळ माझ्याविषयी काही निरोप धाडला असेल. तो खोटा नाही, पण पुराही नाही. म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात मोंढ्यातल्या आमच्या धान्याच्या दुकानात तुरीचं माप चालू असताना माझ्या छातीवर कुणीतरी भरलं पोतं ठेवल्यासारखं झालं. (मी हमालावर ओरडलो. हमाल दहा हात लांब होता.) लातूर जिल्हा झाल्याची एक सोय आहे, आता दुखणं घेऊन उस्मानाबाद गाठावं लागत नाही. जिल्हा झाला तेव्हा आम्ही मोंढ्यात पेढे वाटले होते. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं यायचं राहिलं. तर लातूरच्या डॉक्टरनं मला फळीवर झोपवलं, अंगाला वायरी लावल्या आणि मशीनमधून निघालेली लांबच लांब पट्टी पंचांगासारखी वाचली. म्हणाला, हृदय थकलंय. मीठ बंद, तेल बंद, तंबाखू बंद, वजन उचलायचं नाही, चिडायचं नाही आणि रोज तासभर चालायचं. महिन्यानं सोमवारी पुन्हा पट्टी काढू. सुधारली नाही तर दुकानाची गादी सोडून हैदराबादच्या दवाखान्यात जावं लागेल. तो सोमवार आता पाच दिवसांवर आला आहे. मला काडीची काळजी नाही, कारण मी सगळं पाळलं. (सगळं म्हणजे चालणं. बाकीचं ओघानं येतं.)

चाळीस वर्षं आडतीच्या गादीवर बसलेला माणूस चालायला लागला की पायांनाही नवल वाटतं. पहाटे उठून मी जळकोट रोडनं दोन मैल, ईश्वरप्पाच्या शेतातल्या आखाड्यावर, त्याच्या खोपटाकडे, जाऊ लागलो. ईश्वरप्पा माझा लंगोटीयार. त्याची बायको पाण्याच्या हालापायी लेकीकडे जाऊन राहिली आहे, त्यामुळे तो हातानं करून खातो, आणि त्याच्या हाताला एकच गोष्ट येते : मिरचीची भजी. दारी आलेल्याला उपाशी लावून देणं त्याच्या रक्तात नाही. मी रोज सहा खायचो. जाताना तीन भजी जिरतात, येताना तीन. म्हणजे पोटात काहीच राहत नाही. हे मी डॉक्टरला सांगणार होतो, पण त्याला गर्दी फार असते.

आता आपण जाणताच, लिंगपूजा झाल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. पथ्य मोडावं, नेम मोडू नये. म्हणून घरून निघताना पाण्याचा तांब्या धोतराच्या सोग्याखाली झाकून न्यायचा, आखाड्यावर हातपाय धुवायचे, पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि मग कढईकडे वळायचं. घरी आलो की गुरम्मासमोर पुन्हा पूजा आणि अळणी पिठलं. (देवाला दोनदा हात जोडणं झालं, ते वेगळंच.)

घोटाळा इथंच झाला. आमचा हमाल व्यंकटी पहाटे घागर घेऊन वणवण फिरतो. त्यानं सलग चार दिवस पाहिलं की मालकांचं कपाळ जाताना कोरडं असतं आणि येताना त्यावर ओली विभूती असते. इथं गावाला आठ-आठ दिवस अंघोळ नाही. त्यानं मोंढ्यात जाहीर केलं, "मालक चाळीस साल गादीवरून हालले न्हाईत. आता रोज जाऊन राहिले अन् अंघोळ करून येऊन राहिले. तिकडं पानी हाय, लई पानी हाय!" आणि आडत्या फायद्याबिगर पाऊल उचलत नाही, यावर आमच्या मोंढ्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

मागच्या सोमवारी मी निघालो तर मागून भांड्यांचा आवाज. वळून पाहिलं, तीस-चाळीस माणसं. घागरी, हंडे, एकाच्या सायकलला दोन डबे. मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. (डॉक्टरनं झपझप चालायला सांगितलं होतं. त्या दिवसासारखं मी जन्मात चाललो नाही.) कुठं आडोशाला वळावं तर यंदा रानात आडोसा म्हणून नाही, नुसती ढेकळं. आखाड्यावर ईश्वरप्पा झारा घेऊन उभा. लोक आधी विहिरीत डोकावले. तळाला फुटकी बादली. मग सगळे कढईत डोकावले. तेवढ्यात बाया बाजूला सरल्या आणि मागून कमरेवर घागर घेतलेली गुरम्मा पुढं आली. पाणी लागल्याचं ऐकून तीही बिचारी आली होती, कुणाच्या मागं चाललोय याचा गर्दीत तिला पत्ता नव्हता. तिनं कढई पाहिली, माझं कपाळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "ह्येच का तुमचं पानी?"

मी तांब्या सोग्याखाली आणखी आत सारला. ईश्वरप्पानं मात्र आल्या-गेल्याची रीत राखून सगळ्यांना अर्धं-अर्धं भजं वाटलं. माझ्यापर्यंत कढई आलीच नाही. तेव्हा त्या दिवशी डॉक्टरची आज्ञा तंतोतंत पाळली गेली, हेही आपण ध्यानात घ्यावं. माझी तंबाखूची डबी गुरम्मानं त्याच कोरड्या विहिरीत टाकली. खणकन् आवाज आला.

तेव्हापासून ती रोज माझ्यासोबत चालते आणि मला नजरेआड होऊ देत नाही. येताना आम्ही स्टेशनवरून येतो, तिथं टँकर लागतो. ती घागर भरून घेते. मला वजन उचलायची मनाई, त्यामुळे घागर तिच्याकडेच असते. आणि गंमत पाहा, स्टेशनच्या चढावर ती दोनदा खाली बसते, मी ताठ उभा असतो. आता सांगा, दुखणेकरी कोण? सोमवारी माझी पट्टी सरळ येणार यात शंका नाही. (ईश्वरप्पा म्हणतो, सरळ यायला नको, वाकडीच हवी. असो.)

वहिनींना शरणार्थ, पोरांना आशीर्वाद.

आपला,
महादेवप्पा

ता. क. रविवारी आपण इकडे यावं. येताना वहिनींच्या हातची कारळाची चटणी आणावी, मीठ घातलेली. कागदात गुंडाळून माझ्याच हाती द्यावी.

ता. क. चटणी राहू द्या. पत्र पाकिटात घालून पुन्हा काढलं आहे. आज चढावर गुरम्मा तिसऱ्यांदा बसली. घाम सुटला होता, डावा हात चोळत होती. विचारलं तर म्हणाली, "पित्त हाय, चला." मला पोतं ठेवल्यासारखं झालं तेव्हा सारा मोंढा धावला. तिला बासष्ट वर्षांत त्या फळीवर कुणी झोपवलं नाही. मीही नाही. माझ्यापायी ती महिनाभर अळणी खात होती, आणि मी भजी खात होतो.

बसवराजअप्पा, मला भीती वाटून राहिली आहे. मी लातूरला चल म्हटलं तर म्हणते, मला काय धाड भरली? आपलं, तिच्या अण्णाचं, मात्र ती ऐकते. आपण रविवारची वाट पाहू नका. पत्र मिळेल त्या गाडीनं या. डॉक्टरकडे नंबर माझ्या नावाचा आहे, तिथं तिला झोपवू. माझी पट्टी नंतर निघेल.