दोन्ही शेवट पटले नाहीत

हे बघ,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून मायना असाच.

तू मला सोडून गेलास तेव्हापासून मी आणि तुझे बाबा जेवणं झाली की टीव्हीवर सिनेमे बघतो. परवा एक जुना, काळा-पांढरा लावला होता. त्यातला नवरा दुसरीबरोबर संसार करून, केस पिकल्यावर परत येतो आणि बायको डोळे पुसत त्याला ताट वाढते. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं सासऱ्याचं दुखणंखुपणं तिने काढलं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही!

कालचा नवा सिनेमाही तसलाच. त्यातली बायको बॅग भरून समुद्रावर जाते आणि मोकळी होते. छान! पण घरातल्या म्हाताऱ्याला औषध कोण देणार? दिग्दर्शकाला तो आठवतच नाही.

"दोन्ही माझ्या पोरानेच काढलेत की काय?" बाबा म्हणाले.

आणि आज तुझा फोन. "झालं गेलं विसरू. रविवारी घरी येतोय." विचारलं नाहीस, सांगितलंस! संतापून मी ते बाबांना मोठ्याने सांगितलं. बाबांनी फोन घेतला. आवाज ठाम होता.

"ये. पण हॉटेलात उतर. इथे माझी सून राहते. तिला विचारल्याशिवाय मी कोणाला घरात घेत नाही."

मग आत जाऊन ते रडले. त्यांना रडवलंस, त्याची तुला माफी नाही.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तुला वाटेल आपलं काही बोलायचं राहिलंय.

तुझ्या बाबांची सून